क्लेम नाकारलात ना, मग त्याच क्लेमपायी हप्ता कसा वाढवलात?

प्रति,
तक्रार निवारण विभाग

विषय: आमच्या भुरी कुत्रीच्या विमा पॉलिसीचं रिन्युअल आणि त्यातली ४२ टक्के वाढ

नमस्कार,

पॉलिसी नंबर मेलच्या सब्जेक्टमध्येच टाकलाय, त्यामुळे "कृपया आपला पॉलिसी नंबर कळवा" हे ऑटोमॅटिक उत्तर परत नको, आधीच्या मेलवर तेच आलं होतं आणि त्यानंतर सगळं शांत.

तक्रार एका वाक्यात सांगते म्हणजे वाचणाऱ्याचा वेळ वाचेल. भुरीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचा क्लेम तुम्ही पूर्ण नाकारला, एक पैसा दिला नाही, आणि आता रिन्युअलला हप्ता वाढवताना तुमचाच माणूस चॅटवर सांगतो की "या वर्षी मोठ्या रकमेचा क्लेम दाखल झाल्यामुळे". दिलाच नाहीत तो क्लेम! मग तो माझ्या नावावर मांडताय कशाच्या आधारावर?

आता सविस्तर. भुरी आमची लॅब्रॅडॉर, पिल्लू असताना घरी आली आणि तेव्हाच विमा काढला. तिचं काही दुखायला लागल्यावर धावपळ करत काढलेली पॉलिसी नाहीये ही. तेव्हा बऱ्याच पॉलिसी बघितल्या होत्या. नुसत्या अपघाताची होती, ती सगळ्यात स्वस्त, पण आजारपणात तिचा काही उपयोग नाही. दुसरी होती ज्यात एका आजारासाठी बारा महिने पैसे मिळतात आणि नंतर तो आजार कायमचा बाहेर, म्हणजे ॲलर्जी, संधिवात, थायरॉईड असलं जन्मभराचं काही निघालं की एका वर्षानंतर सगळा खर्च आपल्याच खिशातून. आणि तिसरी तुमची, लाइफटाइम कव्हरवाली, जिच्यात दर वर्षी रिन्यू केलं की मर्यादा पुन्हा पहिल्यापासून सुरू होते आणि जुना आजारही कव्हरमध्ये राहतो. महाग होती, तरी घेतली, कारण लॅब्रॅडॉर म्हटल्यावर सांधे, वजन, कान, कातडी यातलं काही ना काही पुढे निघणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. थोडक्यात मी तरुण कुत्रीचा हप्ता जास्त भरत आले तो तिच्या म्हातारपणासाठी.

पॉलिसी घेताना मी तुमच्या सेल्सवाल्यांना मेल करून विचारलं होतं, की क्लेम केले तर पुढच्या वर्षी हप्ता वाढतो का. उत्तर लेखी आलंय, जोडलंय सोबत, त्यात स्पष्ट लिहिलंय की एकेकट्या प्राण्याच्या क्लेमवरून हप्ता ठरत नाही, वय, जात, राहण्याचं ठिकाण आणि एकूण उपचारांचा खर्च यावर ठरतो. ठीक. मला ते पटलं म्हणूनच तुमच्याकडे आले.

आता हिशोब बघा. पहिल्या वर्षीचा हप्ता १०० धरला तर दुसऱ्या वर्षी ११२, मग १२९, मग १५१. इथपर्यंत मी कुरकुर केली पण भरले, कारण कुत्र्याचं वय वाढतं आणि डॉक्टरांची बिलंही वाढतात हे मला कळतं, मी काही आकाशातून पडले नाहीये. पण या वर्षी एकदम २१४? म्हणजे पाचव्या वर्षात दुपटीच्या वर. आणि त्या रिन्युअलच्या पत्रात पहिल्या पानावर भलं मोठं हसऱ्या कुत्र्याचं चित्र, "तुमच्या लाडक्याची काळजी आम्हाला", नवा हप्ता कुठे तर चौथ्या पानावर तळाला, आणि शेजारी मागच्या वर्षीचा आकडा नाहीच. तुलना करायची असेल तर जुनं पत्र शोधून काढा. कारण म्हणून एकच ओळ: "विविध घटकांचा विचार करून". कुठले घटक? कुणाचा विचार?

(आणि हो, त्याच आठवड्यात भुरीला तुमच्याकडून वाढदिवसाच्या शुभेच्छांचा मेल आला, फुगे वगैरे. तुमच्या सिस्टीमला तिचं वय वाढल्याचा आनंद का झाला ते मग चौथ्या पानावर कळलं.)

गुडघ्याचं प्रकरण आता सांगते, कारण सगळ्याचं मूळ तिथे आहे. या वर्षी खेळताना तिच्या मागच्या डाव्या पायाच्या गुडघ्यातला लिगामेंट, म्हणजे सांधा धरून ठेवणारा पट्टा, तुटला, क्रूशिएट लिगामेंट म्हणतात तो, कुत्र्यांमध्ये अगदी कॉमन दुखापत आहे, ऑपरेशन करावं लागलं, बिल सगळं आधी आम्ही भरलं कारण तुमच्याकडे नियमच तसा, आधी ग्राहकाने भरायचं मग कंपनी परत देणार. क्लेम टाकला. तुम्ही डॉक्टरांकडून तिची जन्मापासूनची फाइल मागवली आणि त्यातली एक ओळ काढलीत. पॉलिसीच्या सुरुवातीला सांध्यांच्या आजारांसाठी सहा महिन्यांचा वेटिंग पिरियड असतो, म्हणजे तेवढ्या काळात दिसलेलं दुखणं कव्हरमध्ये येत नाही, त्या काळात लसीला नेलं होतं तेव्हा डॉक्टरांनी लिहिलेलं: "मागचा उजवा पाय किंचित जपून टाकते, नख तुटलंय, ड्रेसिंग केलं." तुमच्या नाकारण्याच्या पत्रात या वाक्यातलं काय आलंय माहितीये? "मागचा उजवा पाय किंचित जपून टाकते." बस. स्वल्पविराम आला की तुमचं वाचन संपलं. नख गायब, ड्रेसिंग गायब, आणि भुरीला वेटिंग पिरियडपासून लंगडण्याचा आजार आहे असं ठरलं.

बरं पाय उजवा होता, ऑपरेशन डाव्याचं झालं. त्यावर तुमचं उत्तर, की पॉलिसीत दोन्ही बाजूंचं कलम आहे, शरीराच्या एका बाजूला जे आधीपासून असेल ते दुसऱ्या बाजूला झालं तरी कव्हर नाही. हे कलम कशासाठी आहे ते मला माहीत आहे, एका गुडघ्याचा लिगामेंट गेला की पुष्कळ कुत्र्यांचा पुढेमागे दुसराही जातो, म्हणून कंपन्या ते घालतात, समजू शकते. पण एका बाजूला तुटलेलं नख आणि दुसऱ्या बाजूला तुटलेला लिगामेंट ही जोडी कुठल्या शास्त्रात बसते? नखाचा आजार पसरून पलीकडच्या गुडघ्यात गेला का? आमच्या डॉक्टरांनी लेखी पत्र दिलं की ती नोंद फक्त नखाची होती, त्यानंतर दर वर्षीच्या तपासणीत दोन्ही गुडघे नॉर्मल होते. तेही तुम्हाला पाठवलं. उत्तर तेच, शब्दन् शब्द तेच, फक्त तारीख बदलून.

असो, त्या क्लेमचं वेगळं अपील मी करतेच आहे. इथे मुद्दा हप्त्याचा. या वर्षभरात तुम्ही भुरीसाठी प्रत्यक्ष दिलेत ते फक्त तिच्या कातडीच्या ॲलर्जीच्या इंजेक्शनांचे पैसे, आणि ती ॲलर्जी नवी नाहीये, आधीही दिलेत, आणि तेव्हा हप्ता ४२ टक्के वाढला नव्हता. मग "मोठ्या रकमेचा क्लेम" कोणता? एकच आहे, गुडघ्याचा. मी चॅटवर नेमकं हेच विचारलं तेव्हा आधी उत्तर आलं "सिस्टीममध्ये क्लेमची एकूण रक्कम दिसते मॅडम", मग विचारलं की दाखल केलेली की मंजूर झालेली, तर थोडा वेळ टायपिंगचे टिंब टिंब आणि मग "उपचारांचा खर्च सगळीकडेच वाढलाय, सगळ्यांचेच हप्ते वाढलेत". आणि चॅट बंद. पूर्ण चॅटचे स्क्रीनशॉट सोबत आहेत. म्हणजे आधी क्लेम, मग महागाई, जे चिकटेल ते.

महागाईचंच म्हणाल तर तेही बघू. उपचार महाग झालेत हे खरं, एमआरआय, स्पेशालिस्ट, नवी औषधं, पूर्वी ज्यावर इलाजच नव्हता त्यावर आता आहे आणि तो स्वस्त नाही. पण मग पॉलिसीची वार्षिक मर्यादा पहिल्या वर्षी होती तेवढीच आजही का आहे? खर्च वाढला म्हणून हप्ता दुप्पट, पण तुम्ही देणार ती कमाल रक्कम जिथल्या तिथे. म्हणजे तेवढ्याच मर्यादेत आता कमी उपचार बसतात आणि त्यासाठी मी दुप्पट भरायचं. महागाई फक्त माझ्याच बाजूला आली वाटतं. डॉक्टरांची तपासणी फी तर तुम्ही पहिल्यापासून देतच नाही, ती वेगळीच.

कस्टमर केअरने मला "हप्ता कमी करण्याचे सोपे पर्याय" पाठवले. डिडक्टिबल (वर्षाला जी ठरावीक रक्कम ग्राहकानेच सोसायची ती) दुप्पट करा आणि परतावा ९० टक्क्यांवरून ७० वर आणा, हप्ता पाचव्या हिश्शाने कमी होईल. वरवर बरं वाटतं. पण तुमच्या पॉलिसीत आधी टक्का लावतात आणि मग डिडक्टिबल वजा करतात, हे शेवटच्या पानांत आहे, पर्यायांच्या त्या मेलमध्ये नाही. वर्षातलं पहिलं बिल १०० चं आलं आणि डिडक्टिबल २० असेल तर आज मला ९० मधून २० जाऊन ७० मिळतात. तुमच्या सोप्या पर्यायात ७० मधून ४० जाऊन ३० मिळतील. उलट आधी डिडक्टिबल वजा करून मग टक्का लावला असता तर त्याच पर्यायात ४२ मिळाले असते. तर हप्ता पाचव्या हिश्शाने कमी आणि पहिल्या बिलाचा परतावा निम्म्याहून कमी. हे सोपं कुणासाठी?

आणि हे स्वीकारलं तर पुढे परत ९० टक्क्यांवर येता येईल का, की तेव्हा नव्याने तपासणी करून ॲलर्जी बाहेर काढणार? फोनवर एकीने सांगितलं येता येईल, दुसऱ्याने सांगितलं नाही. लेखी कुणीच सांगत नाही.

तुम्हाला हेही चांगलं माहीत आहे की मी सोडून जाऊ शकत नाही. दुसऱ्या कंपनीत गेले की ॲलर्जी आधीचा आजार म्हणून बाहेर, गुडघा बाहेर, वेटिंग पिरियड पहिल्यापासून. कानाचं इन्फेक्शन वगैरे बरं होऊन ठरावीक काळ लक्षणं दिसली नाहीत तर काही कंपन्या ते परत धरतात, पण जन्मभराची ॲलर्जी कोण धरणार? आणि कुत्रं वयस्क झालं की काही ठिकाणी दारच बंद. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी अवस्था, आणि ती नेमकी तेव्हाच आलीय जेव्हा इतकी वर्षं भरलेल्या पैशाचा उपयोग व्हायला लागणार होता. लाइफटाइम कव्हर विकायचं आणि हप्ता असा वाढवायचा की लाइफ संपायच्या आधी माणूसच पॉलिसी सोडून जाईल, याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा.

स्वीडनमध्ये १९२४ साली कुत्र्याचा पहिला विमा निघाला. शंभर वर्षं झाली. कुत्री म्हातारी होतात आणि त्यांचा खर्च वाढतो हे विमा धंद्याला एव्हाना समजलेलं असायला हरकत नाही. मग पॉलिसी विकतानाच पुढच्या वयांचा अंदाजे हप्ता का दाखवत नाही? मी तेव्हा विचारलं तर म्हणे भविष्यातलं सांगता येत नाही. नेमका आकडा नका देऊ, पण आज याच जातीच्या आठ वर्षांच्या आणि दहा वर्षांच्या कुत्र्याला किती हप्ता लावताय तो तक्ता तर तुमच्याकडे आजही आहे ना, तोच दाखवा.

तर मला हवंय ते असं. या ४२ टक्क्यांपैकी वयाचे किती, सगळ्यांना लागू असलेल्या खर्चवाढीचे किती आणि भुरीच्या क्लेमचे किती, हे फोड करून लेखी द्या. क्लेमचे शून्य असतील तर तुमच्या चॅटवाल्याने खोटं सांगितलं असं लेखी द्या, आणि शून्य नसतील तर सेल्सच्या मेलमध्ये खोटं होतं असं लेखी द्या, दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. नाकारलेल्या क्लेमची रक्कम हप्त्याच्या हिशोबात धरली असेल तर ती काढून हप्ता नव्याने लावा. गुडघ्याची फाइल, ज्याने आधी दोनदा तेच उत्तर चिकटवलं त्याच्याकडे न देता एखाद्या पशुवैद्याकडे द्या, आणि त्याला पूर्ण वाक्य वाचायला सांगा. पुढच्या वयांचा तक्ता पाठवा. आणि डिडक्टिबल-परताव्याचा पर्याय घेतला तर परत फिरता येतं का, याचं हो किंवा नाही.

अजून एक, हप्ता माझ्या कार्डावरून आपोआप कापला जातो आणि रिन्युअलचं पत्र तुम्ही अगदी तोंडावर पाठवलंय. उत्तर येईपर्यंत जुन्या दरानेच कापा, पॉलिसी मात्र खंडित होऊ देऊ नका, कारण एक दिवसाचा खंड पडला तरी ॲलर्जी "आधीचा आजार" होणार हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. याची पोच आधी पाठवा, बाकीचं उत्तर सावकाश चालेल पण विमा नियामकाकडे आणि लोकपालाकडे जायची मुदत मी मोजतेय, तिच्या आत यायला हवं.

सोबत: सेल्सचा मेल, चॅटचे स्क्रीनशॉट, सगळी रिन्युअल पत्रं, डॉक्टरांचं पत्र आणि लसीच्या दिवशीची ती नोंद, पूर्ण.

कळावे,
भुरीची पॉलिसीधारक