आजीची साक्ष

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू विचारलंस, "बाबा, दिवसभर घरात आजीचं विसरणं, आणि रात्री पुन्हा विसरणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या रहस्यकथा? कशासाठी छळतोस स्वतःला?" तेवढ्यात आजीने हाक मारली आणि बोलणं राहिलं. तू काळजीने विचारलं होतंस, म्हणून नीट लिहून कळवतो.

ही पुस्तकं वाचताना मला छळ होत नाही. आजीचं बोलणं ऐकायचं कसं, हे मला डॉक्टरांनी दिलेल्या स्मृतिभ्रंशाच्या माहितीपत्रकापेक्षा या कादंबऱ्यांनी जास्त शिकवलं. माहितीपत्रक आजार सांगतं: मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग आधी खंगतो, नव्या आठवणी साठत नाहीत, जुन्या बराच काळ टिकतात. हे सगळं खरं आहे आणि ते माहीत हवंच. पण दिवेलागणीला आजी दाराशी उभी राहून "मला घरी जायचंय" म्हणते, तेव्हा तिच्या आत काय चाललं असेल, तिथवर ते पत्रक पोचत नाही.

एमा हीलीची 'एलिझाबेथ इज मिसिंग' ही कादंबरी पोचते. २०१४ साली आली. गोष्ट सांगणारी मॉड ऐंशीच्या पुढची, आणि स्मृती रोज थोडी थोडी निसटत चाललेली. आपली मैत्रीण एलिझाबेथ नाहीशी झाली आहे, एवढं तिने घट्ट धरून ठेवलंय. खिशात, पर्समध्ये, सगळीकडे चिठ्ठ्या. चिठ्ठी हाती येते, पण ती केव्हा आणि का लिहिली ते आठवत नाही. ती पोलिसांकडे जाते, वर्तमानपत्रात जाहिरात देते, आणि सगळे तिला समजावून परत पाठवतात. दुसऱ्या महायुद्धानंतर लगेचच तिची थोरली बहीण सुकी अशीच बेपत्ता झाली होती. ही दोन बेपत्ता माणसं मॉडच्या डोक्यात एकमेकींत मिसळतात. आज विचारलेल्या तिच्या प्रश्नाचं मूळ सत्तर वर्षांपूर्वीच्या घरात असतं. ऐकणाऱ्याला ते माहीत नसल्यामुळे त्याला नुसती बडबड वाटते. वाचकाला मात्र मॉडइतकंच कळत असतं, त्यामुळे तुटके दुवे हातात घेऊन तोही तिच्याबरोबर चाचपडतो. पुढचं सांगत नाही, तू वाच. मॉडची मुलगी हेलन हिच्याकडे विशेष लक्ष दे. दमलेली, चिडलेली, तरी आईला न सोडणारी. तुझ्या आईच्या चेहऱ्यावर संध्याकाळी साडेसातला जे दिसतं, ते हेलनच्या प्रसंगांत जसंच्या तसं आहे.

आता आजीचं एक सांगतो, तुला माहीत नाही. गेले कित्येक महिने ती रुमालाच्या टोकाला दहाची नोट बांधून ठेवते आणि म्हणते, "कोळणीचे पैसे द्यायचे राहिलेत." आपल्याकडे दारावर कोळीण यायची बंद होऊन किती काळ लोटला. पण मॉड वाचून झाली होती, म्हणून मी हे वाक्य साक्षीदाराचं म्हणून ऐकलं. कळव्याच्या आत्याआजीला फोन केला. ती सांगायला लागली तेव्हा मीच गप्प झालो. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधली तुझ्या आजोबांची कंपनी बंद पडली, त्या पावसाळ्यात चेंदणी कोळीवाड्यातून येणाऱ्या एका मावशीने नौपाड्याच्या वाड्यात उधारीवर म्हावरं घातलं. पैशांसाठी कधी तोंड उघडलं नाही. आजोबांना दुसरी नोकरी लागली, तोवर तिचं येणं थांबलं होतं. का थांबलं, पैसे किती होते, हे आत्याआजीलाही ठाऊक नाही. मी तेव्हा शाळेत होतो, ताटात बोंबील यायचे एवढंच मला माहीत. म्हणजे बघ, वाडा पडून तिथे टॉवर उभा राहिला, आजीला आज सकाळचा चहा आठवत नाही, पण ती उधारी तिने सोडलेली नाही.

रहस्यकथेत हे जुनं सूत्र आहे. अॅगाथा ख्रिस्तीची १९६८ सालची 'बाय द प्रिकिंग ऑफ माय थम्ब्ज' बघ. त्यातली हौशी गुप्तहेर टपेन्स नवऱ्याच्या आत्याला भेटायला वृद्धाश्रमात जाते. तिथे दुधाचा पेला घेऊन बसलेली एक गोड म्हातारी तिला विचारते, ते बिचारं मूल तुमचं होतं का? बाकीचे म्हणतात, तिचं असंच चालतं. काही दिवसांनी त्या बाईंना तिथून कुणीतरी घेऊन गेलेलं असतं, आणि टपेन्स मात्र ते वाक्य डोक्यातून काढू शकत नाही. सबंध कादंबरी त्या एका प्रश्नावर उभी आहे. ख्रिस्तीबाई स्वतः तेव्हा पंच्याहत्तरी ओलांडलेल्या. टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ साली त्यांच्या कादंबऱ्यांतले शब्द संगणकावर मोजले, तेव्हा १९७२ च्या 'एलिफंट्स कॅन रिमेंबर'मध्ये शब्दसंपत्ती खूपच आटलेली दिसली. स्मृतिभ्रंशाची सुरुवात असावी, असा त्यांचा तर्क. निदान कधी झालं नव्हतं, त्यामुळे तो तर्कच. पण त्या कादंबरीतली लेखिका म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांच्या अर्धवट, चुकलेल्या आठवणी गोळा करते आणि त्यातूनच खरं हाती लागतं, हे वाचताना माझा जीव भरून आला.

सगळीच पुस्तकं मला पटत नाहीत. काही लेखक स्मृतिभ्रंश फक्त शेवटच्या धक्क्यासाठी वापरतात: खून म्हाताऱ्यानेच केला होता आणि तो विसरला! अशा पुस्तकाचा मला राग येतो. तीनशे पानं त्या माणसाला माणूस म्हणून पाहिलेलंच नसतं. अॅलिस लाप्लांटची 'टर्न ऑफ माइंड' (२०११) वरवर त्याच वाटेची वाटेल. हाताच्या शस्त्रक्रिया करणारी निवृत्त डॉक्टर बाई, अल्झायमर झालेला, जिवलग मैत्रिणीचा खून, प्रेताची चार बोटं सफाईने कापलेली, आणि संशय हिच्यावर. हिला स्वतःलाच माहीत नाही आपण काय केलं. पण तिथे लेखिका त्या डॉक्टरीणबाईंच्या आतून एक क्षणही बाहेर येत नाही. त्यांची हुशारी, तोरा, मुलांवरचा संशय, सगळं शाबूत आहे. जड वाटलं तर रिचर्ड ऑस्मनची 'थर्सडे मर्डर क्लब' मालिका वाच. त्यातल्या एलिझाबेथचा (ही वेगळी) नवरा स्टीफन विसरत चाललाय, तरी बुद्धिबळाचा डाव मांडून बसतो. आजी अजून लाडू हाताने अचूक वळते ना, तसंच.

मराठीत असं मी वाचलेलं नाही. 'अस्तु' चित्रपट तू पाहिलास, त्यात मोहन आगाशे हत्तीच्या मागे निघून जातात. तो शोध आहे, रहस्यकथा नाही. भारतात साठीपुढच्या शंभरातल्या सातांहून जास्त माणसांना स्मृतिभ्रंश आहे, सुमारे ८८ लाख. एवढी घरं असताना नौपाड्यातल्या एका आजीची रहस्यकथा कुणीतरी लिहायला हवी. आपली आजी तर पक्की वाचक होती. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून, १८९३ पासूनची ती संस्था, आजी बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाड यांच्या रहस्यकथा आणायची, आणि शेवटच्या पानाआधी गुन्हेगार ओळखायची. आता मी तिला दुपारी दोन-दोन पानं वाचून दाखवतो. धागा तिला धरता येत नाही, पण पाठलाग आला की पुढे सरकून बसते.

तुझा दुसरा प्रश्न पाटल्यांचा. आजीने तुला फोनवर सांगितलं की कामाच्या मावशींनी तिच्या पाटल्या चोरल्या. पाटल्या तांदळाच्या डब्यात होत्या, तिनेच ठेवलेल्या. वस्तू जपून ठेवायची, ठेवल्याचं विसरायचं, आणि मग जवळच्याच माणसावर संशय, हे या आजारात फार घडतं. चोरी खोटी असली, तरी हरवल्याची भीती तिला खरीच वाटते. म्हणून "कुणी चोरल्या नाहीत" असा वाद घालू नकोस, आणि मावशींना चोर ठरवून "हो हो"ही म्हणू नकोस. "थांब आजी, बाबा आणि तू मिळून शोधा" एवढं म्हण. आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली अल्झायमरच्या रुग्णांना दुःखाचे आणि आनंदाचे चित्रपटांतले प्रसंग दाखवले. प्रसंग विसरले गेले, पण त्यांनी उमटलेली भावना रेंगाळत राहिली. तुझा फोन झाल्यानंतर आजी बराच वेळ खुशीत असते. कुणाचा फोन होता ते तिला सांगता येत नाही.

दिवाळीला येशील तेव्हा "ओळखलंस का मला?" असं विचारू नकोस. आल्या आल्या स्वतःचं नाव सांग आणि जवळ बस. मॉडचं पुस्तक कुरियरने पाठवतोय, त्याआधी वाचून घे. आणि आजी काही विचित्र बोलली तर तसंच्या तसं लिहून ठेव, तिच्याच शब्दांत. आत्याआजी थकत चालली आहे, तिला विचारून घ्यायचं अजून बरंच आहे.

तुझा,
बाबा