अंजिराच्या जागी आंबा

प्रिय आई, बाबा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

फोनवर सांगायचं तीनदा ठरवलं आणि तीनदा मोहर कसा आलाय एवढंच विचारून ठेवून दिला. म्हणून हे पत्र. इंग्लंडच्या नोकरीला मी नाही म्हणून कळवलंय. येत्या एक तारखेपासून मिरजेकडे कुष्ठरुग्णांच्या दवाखान्यात रुजू होतेय. आई, आधी सगळं वाच, मग काय ते बोल.

तुम्ही बायमावशीला सांगून बसलात, मला माहीत आहे. तिच्याशी मीच बोलेन. पगार मुंबईच्या निम्म्याहून थोडा कमी आहे, पण खोली आणि दोन वेळचं जेवण तिथलंच, मला खर्च असा काही नाही. छपराचे पैसे मी मोडलेले नाहीत. कौलं आणि मागच्या पडवीचे वासे पावसाआधी बदलायचेच, दादाशी बोलणं झालंय. बाबांच्या शुगरच्या गोळ्या आणि आईचं गुडघ्याचं औषध पूर्वीसारखंच माझ्याकडून येईल. यात काही कमी पडणार नाही.

आणि तो रोग मला लागेल म्हणून रात्री जागू नका. औषध सुरू झालं की रुग्णापासून संसर्ग होत नाही, आणि बहुतेकांच्या अंगात त्याला तोंड देण्याची ताकद मुळातच असते. सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घेतल्या की माणूस बरा होतो. मागे राहतात ते बधिर हातपाय. काटा रुतला तरी कळत नाही आणि जखम चिघळत जाते. म्हणून रोज पाय पाण्यात भिजवायचे, जाड कातडं घासून काढायचं, तेल लावायचं, तळवे नीट बघायचे. मागच्या मे महिन्यात पंधरा दिवस मी हेच करत होते. तुम्हाला ट्रेनिंग म्हणून सांगितलं. खोटं बोलले, माफ करा.

तिथे एक आजी होत्या. सतरा वर्षांत घरचं कुणी फिरकलेलं नाही. मी त्यांचे पाय घमेल्यात धरून बसले होते, तर बोटं आखडलेला हात माझ्या डोक्यावरून फिरवत म्हणाल्या, "दमलीस का गं पोरी?" आई, मला जे वाटलं त्याला आनंद हाच शब्द आहे. नाताळच्या रात्रीचा नव्हे, तो दुसऱ्या दिवशी भांडी घासेपर्यंत ओसरतो. हा आठ महिने झाले, आहे. मध्ये आत्या गेली, माझं ते ठरलेलं मोडलं, तेव्हा मी खूप रडले आणि तरी तो तळाशी होता, आपल्या विहिरीत मे महिन्यातही कातळाखालचा झरा असतो तसा. आपला मित्र लाजर मेला तेव्हा त्याच्या कबरेपाशी प्रभूही रडलाच की.

बाबा, हे मी तुमच्याकडूनच घेतलंय. 16 मे 2021, रविवार, तौक्ते वादळ. मी कोविड वॉर्डात, तुमचा फोन चार दिवस लागेना. लागला तेव्हा तुम्ही म्हणालात, "आंबा सगळा खाली, काजू मोडले. उपासना घरातच केली, हबक्कूक वाचला." मला राग आला होता. वाटलं, माझ्यापासून लपवताय. बायबलातल्या हबक्कूक संदेष्ट्याचं ते वचन: अंजिराला फूल नाही, वेलीला द्राक्ष नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी परमेश्वराच्या ठायी मी आनंद करीन. लहानपणी मी विचारलं होतं, आपल्याकडे अंजीर कुठेय? तुम्ही म्हणालात, अंजिराच्या जागी आंबा वाच. मी तसंच पाठ म्हणायचे आणि संडेस्कूलच्या बाई ओरडायच्या. त्या रविवारी तुम्ही ते मोडलेल्या बागेसमोर बसून वाचलंत. पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला आनंद करा म्हणून लिहिलं तेही कैदेतून. माझा आनंद तुमच्यात राहावा असं प्रभू म्हणाला ते वधस्तंभाच्या आदल्या रात्री. शंभरदा ऐकलं होतं, कळलं त्या घमेल्यापाशी.

आई, सेंट ल्यूक्स दवाखान्यातली रात्रपाळी करून तू यायचीस तेव्हा पदराला डेटॉलचा वास असायचा. मी तोच पदर तोंडावर ओढून झोपायचे. अजूनही झोप येईना झाली की मला तो वास हवा असतो. तुझी लेक तुझंच काम करायला चाललीय, एवढंच समज.

आता ऐका. बाबा, शिडी लावायची नाही, फवारणीला गडी घ्या. खारा बांगडा आठवड्यातून एकदा, तोही एक तुकडा. आई, पंप असताना रहाट ओढायचा नाही, आणि गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला घेतलेला नाही. दोघांनी रक्त तपासून शनिवारपर्यंत रिपोर्टचा फोटो पाठवायचा. माझ्यावर रागावलात तरी चालेल, जेवण टाकू नका.

ईस्टरच्या आधी, झावळ्यांच्या रविवारी येतेय, कोल्हापूरहून आंबोली घाटाने. बाबांनी स्टँडवर यायचं नाही, मी रिक्षा करेन. आई, फणसाची भाजी ठेव, काजूगर घालून.

तुमची,
चिमू