गोळीचं नाव सांगू नका, दुखणं सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हवा पालटली की दवाखान्यांबाहेरची गर्दी वाढते. नाक वाहणारे, घसा धरलेले, पित्ताने बेजार झालेले, किडा चावून हात सुजलेले असे कितीतरी जण त्या गर्दीत असतात. त्यांतल्या बहुतेकांना दोन-चार दिवसांची विश्रांती आणि एखादं साधं औषध पुरतं. पण त्यांच्यामागे नंबर लावून बसलेल्या एखाद्याला डॉक्टरांची खरोखर गरज असते आणि त्याच्या वाट्याला येतात घाईची पाच मिनिटं. किरकोळ दुखण्यासाठी आधी जवळच्या फार्मासिस्टकडे जावं, असं माझं ठाम मत आहे. मात्र तिथे जाऊन गोळीचं नाव सांगायचं, पाकीट घ्यायचं आणि चालू पडायचं, याला सल्ला घेणं म्हणत नाहीत.

रोगाचं निदान हा डॉक्टरांचा प्रांत. औषध शरीरात काय करतं, किती वेळ टिकतं, कशाबरोबर घेतलं तर बाधतं, हे फार्मासिस्ट वर्षानुवर्षं शिकलेला असतो. इतकं शिकलेला माणूस, वेळ न ठरवता आणि तपासणी फी न देता, समोर उभा असतो. आपण त्याला एक प्रश्नही विचारत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

माझ्या वडिलांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. मध्यंतरी त्यांचं नाक चोंदलं म्हणून मी सर्दीची गोळी आणायला गेले. काउंटरवरच्या फार्मासिस्ट बाईंनी पाकीट हातात घेतलं, पण दिलं नाही. “कुणासाठी हवी? वय काय त्यांचं? रोजच्या गोळ्या कोणत्या?” रक्तदाबाचं सांगताच त्यांनी पाकीट उलटं करून मागची बारीक अक्षरं मला दाखवली. नाक मोकळं करणारा जो घटक त्यात होता, तो रक्तवाहिन्या आकसवतो आणि त्याने रक्तदाब वाढू शकतो. “लघवीला अडकतं का त्यांना? प्रोस्टेटचा त्रास?” हेही त्यांनी विचारलं, कारण शिंका थांबवणाऱ्या काही जुन्या औषधांनी लघवी तुंबू शकते. त्याच गोळीत पॅरासिटामॉलही होतं. “अंग गरम वाटलं म्हणून घरातली तापाची गोळी वर द्याल, तर एकच औषध दोनदा पोटात जाईल,” असं म्हणून त्यांनी ते पाकीट परत खणात ठेवलं आणि नाकात घालायचे साधे सलाईनचे थेंब दिले. दुकानाचा गल्ला त्या दिवशी कमीच भरला असेल, पण वडिलांचं भलं झालं.

हे ‘एकच औषध दोनदा’ प्रकरण वाटतं त्याहून गंभीर आहे. सर्दीची गोळी एका नावाची, तापाची दुसऱ्या, अंगदुखीची तिसऱ्या, आणि तिन्हींच्या आत पॅरासिटामॉल. धडधाकट प्रौढ माणसासाठी 24 तासांत 4 ग्रॅम, म्हणजे 500 मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या, ही कमाल मर्यादा. दोन मात्रांमध्ये निदान 4 तास जायला हवेत. वजन फार कमी असेल, यकृत आधीच दुबळं असेल किंवा रोज मद्य घेतलं जात असेल, तर मर्यादा त्याहून खाली येते. जास्त झालेलं पॅरासिटामॉल यकृत निकामी करू शकतं, आणि पहिल्या दिवशी तर माणसाला फारसं काही जाणवतही नाही. आयब्युप्रोफेन या दुखणं थांबवणाऱ्या औषधाची गोष्ट वेगळी. पोटात अल्सर असलेल्यांनी, मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी ते आपल्या मनाने घेऊ नये. डेंग्यूची शंका असेल तर ते आणि ॲस्पिरिन दोन्ही टाळायचं, कारण रक्तस्राव वाढू शकतो. पाठ दुखते म्हणून पाकीट उचलणाऱ्याला यातलं किती ठाऊक असतं?

लहान मुलांच्या बाबतीत तर नुसतं ‘तापाचं सिरप द्या’ म्हणून चालतच नाही. पॅरासिटामॉलचं सिरप 5 मिलिलिटरमध्ये 120 मिलिग्रॅमचंही मिळतं आणि 250 चंही. बाटली बदलली आणि माप तेच ठेवलं, तर मात्रा दुपटीहून जास्त होते. मुलाचं वजन सांगा, मात्रा मिलिलिटरमध्ये लिहून घ्या आणि मापाची सिरिंज मागून घ्या, कारण घरातला कुठलाही चमचा दुसऱ्यासारखा नसतो.

इंग्लंडमध्ये 31 जानेवारी 2024 पासून फार्मासिस्टना सात ठरावीक आजारांवर उपचार करायची मुभा मिळाली आहे. घसादुखी, सायनसचा त्रास, मुलांची कानदुखी, किडा चावून झालेला संसर्ग, नागीण, इम्पेटिगो हा त्वचेचा संसर्ग आणि बायकांमधला लघवीचा साधा संसर्ग हे ते सात. गरज असेल तर अँटिबायोटिकही देता येतं, पण वय, लक्षणं, किती दिवस झाले हे सगळं नेमून दिलेल्या नियमांत बसलं तरच. ही शिस्त मला महत्त्वाची वाटते. अशी व्यवस्था जिथे नाही, तिथे चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागणारे आपण आणि देणारा तो, दोघेही चुकतो. घसा बहुतेक वेळा विषाणूमुळे धरतो आणि विषाणूवर अँटिबायोटिकची मात्रा चालत नाही.

चांगला फार्मासिस्ट ओळखायची माझी एक खूण आहे. तो वेळ आली की औषध देत नाही, डॉक्टरांकडे पिटाळतो. धाप लागणं, छातीत दाब, शौचातून रक्त, मान ताठ होणं, ग्लानी, जुलाबांत लघवी कमी होणं, तीन महिन्यांखालच्या बाळाला 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप, यांतलं काहीही कानावर पडलं की त्याने हात आवरता घ्यावा. छातीतली जळजळ दर वेळी पित्ताचीच नसते, हे त्याला माहीत असतं.

दुकानमालकांना माझी कळकळीची विनंती आहे की फार्मासिस्टला दुकानात प्रत्यक्ष उभं राहू द्या आणि गिऱ्हाइकाशी दोन मिनिटं बोलू द्या. काउंटरच्या एका टोकाला थोडा आडोसाही करा. मूळव्याध, जांघेतली खाज, लघवीची आग या तक्रारी मागे चार माणसं ताटकळत असताना कुणी मोकळेपणाने सांगत नाही. मग जाहिरातीत ऐकलेलं एखादं मलम हळूच मागून घेतलं जातं. खाज बुरशीची असते, मलमात स्टिरॉइड असतं, चार दिवस बरं वाटतं आणि मग चट्टा दुप्पट पसरतो. आडोशाला उभं राहून ‘कधीपासून आहे, आधी काय लावलंत’ एवढं विचारलं गेलं, तर ते मलम विकलंच जाणार नाही.

आपली,
एक वाचक