यादीतली मागची नावं

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

फुटबॉल विश्वचषकाच्या संघाची यादी हातात आली की आधी काय बघायचं, असं तू विचारलं होतंस. पहिले अकरा कोण, हे कुणीही सांगेल. तू मागची नावं बघ. स्पर्धा लांबली की संघ तरतो तो त्यांच्यावर.

१९९८ पर्यंत संघात २२ जण असत, २००२ पासून २३ झाले आणि २०२२ ला कतारमध्ये २६ जणांची मुभा मिळाली. तीन गोलरक्षक सक्तीचे. उरलेल्या दहा जागांना प्रत्येकी दोन, म्हणजे वीस. २३ चा संघ इथेच भरतो. २६ मध्ये तीन नावं उरतात आणि प्रशिक्षकाला धास्ती कशाची आहे, ते त्यांच्यावरून कळतं.

तेव्हा कागदावर दहा जागा मांड आणि प्रत्येकीखाली दोन नावं लिही. एकच नाव तीन ठिकाणी लिहावं लागलं तर तिथे खूण कर. तो एक जायबंदी झाला की तीन जागा उघड्या पडतात. डावा फुल बॅक, म्हणजे डाव्या कडेचा बचावपटू, आधी तपास, कारण चांगले डावखुरे मुळात थोडे. २०२२ ला फ्रान्सचा लुका एर्नांदेझ पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून स्पर्धेबाहेर गेला. त्याचा भाऊ तेओ हाताशी होता म्हणून निभावलं, पण तिसरा कुणी नव्हता. अंतिम सामन्यात तेओला बाहेर काढल्यावर तिथे कामाविंगा हा मिडफिल्डर, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू, खेळला.

इथे नियम नीट लक्षात ठेव. गंभीर दुखापत झाली तर पहिल्या सामन्याच्या २४ तास आधीपर्यंतच बदली खेळाडू घेता येतो. त्यानंतर फक्त गोलरक्षक बदलता येतो, बाकी जागा रिकामी राहते. त्याच फ्रान्सने मुदतीत जायबंदी एनकुंकूच्या जागी कोलो मुआनीला बोलावलं आणि उपांत्य फेरीत मोरोक्कोविरुद्ध दुसरा गोल त्यानेच केला.

उलटं उदाहरण इंग्लंडचं, २००६ चं. स्ट्रायकर, म्हणजे गोल करणारे आघाडीवीर, चारच. त्यांतले रूनी आणि ओवेन पायाच्या दुखापतीतून नुकतेच उठलेले, तिसरा क्राउच, चौथा १७ वर्षांचा वॉलकॉट, जो तोवर आर्सेनल या आपल्या क्लबच्या मुख्य संघाकडून एकही सामना खेळला नव्हता. स्वीडनविरुद्ध पहिल्याच मिनिटाला ओवेनचा गुडघा गेला. उपांत्यपूर्व सामन्यात पोर्तुगालविरुद्ध रूनीला लाल कार्ड मिळालं. राहिला एकटा क्राउच. वॉलकॉट स्पर्धेत एक मिनिटही खेळला नाही. दोन दुखणाईत खेळाडू नेणं समजू शकतं, पण मग उरलेले दोघे तरी मैदानात उतरवता येतील असे हवेत. मला ती निवड आजही पटत नाही.

तिसऱ्या गोलरक्षकाची जागा वाया जाते असं समजू नकोस. उत्तर कोरियाने २०१० ला तसं समजून तिथे एका आघाडीवीराचं नाव घातलं. फिफाने सांगितलं, उतरला तर गोलरक्षक म्हणूनच उतरेल. २०१४ ला नेदरलँड्सने कोस्टा रिकाविरुद्ध जादा वेळ संपता संपता टिम क्रुल या राखीव गोलरक्षकाला फक्त पेनल्टी शूटआउटसाठी आणलं आणि त्याने दोन पेनल्टी अडवल्या. उरलेला गोलरक्षक व्होर्मही तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात शेवटी उतरला. त्या स्पर्धेत त्यांचे तेवीसच्या तेवीस खेळले.

शेवटी पिवळी कार्डं. वेगवेगळ्या सामन्यांत दोन झाली की पुढचा सामना बुडतो. २०१० ला अशानेच जर्मनीचा म्युलर स्पेनविरुद्धच्या उपांत्य सामन्याला मुकला आणि जर्मनी १-० ने हरली. सतत फाउल करावे लागणाऱ्या बचावात्मक मिडफिल्डरला पर्याय कोण, तेही तक्त्यात मांड.

यादी जाहीर झाली की तुझा तक्ता पाठव, मी माझा पाठवतो.

तुझा मित्र