रात्री तीनची चूळ

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालास, "तोंड आलंय, बाकी ठीक." ते 'बाकी ठीक' मनातून जाईना, म्हणून लिहायला बसले. इतरांचं तोंड येतं आणि चार दिवसांत जातं. तुझा ग्लायकोजेन स्टोरेजचा जन्मजात आजार, यकृतात साठलेली साखर रक्तात सुटत नाही तो; त्याच्या वन-बी प्रकारात तसं धरून चालत नाही. जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी तुझ्यात मुळात कमी, आणि ज्या आहेत त्यांच्यातही जोर कमी. त्या खाली आल्या की पुष्कळदा पहिल्यांदा तोंडच सांगतं. ताप आला किंवा हिरडी सुजली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळव, माझ्या फोनची वाट बघू नकोस.

रात्री रक्तातली साखर उतरू नये म्हणून तू घेतोस त्या कॉर्नस्टार्चबद्दल, म्हणजे मक्याच्या पांढऱ्या पिठाबद्दल, माझी चूक सांगते. त्यात साखर नाही, मग दातांना काय होणार, असं मी कित्येक वर्षं समजत होते. तू सात वर्षांचा असताना एका पहाटे टॉर्च लावून पाहिलं. खालच्या दातांच्या आतल्या बाजूला, हिरडीलगत, पिठाची पांढरी रेघ तशीच बसलेली. रात्री तीनला दिलेलं ते. लाळ त्या पिठाची हळूहळू साखर करते, आणि झोपेत तोंड धुऊन काढायला लाळही पुरेशी नसते. त्या रात्रीपासून पिठाच्या पेल्याशेजारी साध्या पाण्याचा दुसरा पेला आला. तो तिथेही ठेव. झोप कितीही अनावर असो, चूळ भरूनच आडवा हो.

पीठ मात्र चुकवायचं नाही. 1984 मध्ये कच्च्या कॉर्नस्टार्चचा उपाय पुढे आला. त्याआधी अशा मुलांना रात्रभर नाकातल्या नळीतून ग्लुकोज द्यावं लागे.

हिरडीतून रक्त आलं म्हणून ब्रश सोडू नकोस, मऊ ब्रश घे. दात काढायची वेळ आली तर दातांच्या डॉक्टरांना दोन गोष्टी आधी सांग: उपाशी राहता येत नाही, आणि रक्त लवकर थांबत नाही. लाजू नकोस, तुझ्या डॉक्टरांशी त्यांना बोलायला लाव.

एम्पाग्लिफ्लोझिनची गोळीही चुकवू नकोस. ती मूळची मधुमेहाची. 2020 मध्ये वन-बीच्या रुग्णांना दिल्याचे पहिले अनुभव छापून आले. न्यूट्रोफिलमध्ये साचून त्यांना निकामी करणारा पदार्थ ती लघवीवाटे बाहेर काढते. ती सुरू झाल्यावर तू पहिल्यांदा न रडता जेवलास, ते मी विसरलेले नाही.

व्रणाचा फोटो पाठव. खिडकीपाशी उभा राहून काढ, कालच्या फोटोत काहीच दिसत नव्हतं.

तुझी,
आई