तिळीला सोबत देणाऱ्या काकूंस

आदरणीय काकू,
सादर नमस्कार.

परवा तुमच्या गिनीपिगला, बाबूरावाला, तुमच्या अंगणात परत आणून सोडले, तेव्हा कंठ दाटून आल्यामुळे जे बोलता आले नाही ते लिहीत आहे. उघड पत्र अशासाठी, की झ्यूरिकमध्ये असो वा पुण्यात, गिनीपिग पाळणाऱ्या एखाद्या मराठी घराला तुमचे सांगणे उपयोगी पडावे.

गेल्या नोव्हेंबरात आमच्या दोन गिनीपिगपैकी गुळी गेली आणि पाच वर्षांची तिळी एकटी उरली. फ्रिजचे दार वाजताच शीळ घालणारी ती कोपरा सोडीना आणि पुढ्यातल्या गवताला जेमतेम तोंड लावी. आम्ही तिला अधिक वेळ मांडीवर घेऊ लागलो, आरसाही ठेवून पाहिला. एका परिचितांनी ससा आणण्याचे सुचवले. तुम्ही सगळे ऐकून घेतलेत आणि सांगितलेत, की सशाच्या एका लाथेने गिनीपिगला गंभीर इजा होऊ शकते, सशाला विशेष त्रास न देणारे जंतू गिनीपिगच्या फुप्फुसांना बाधू शकतात, आणि गिनीपिगला आहारातून लागणारे क जीवनसत्त्व सशाचे शरीर स्वतःच तयार करते, म्हणजे दोघांचे खाणेही एक नाही. माणसाची माया खरी असली, तरी दिवसरात्र थोड्या थोड्या वेळाने जागणाऱ्या या जिवाशी त्याच्या आवाजात बोलणारे, त्याच्या अंगाला अंग लावून निजणारे त्याच्याच जातीचे कोणीतरी हवे. म्हणूनच स्वित्झर्लंडमध्ये १ सप्टेंबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनुसार गिनीपिग एकटा ठेवता येत नाही, हे मला तुमच्याकडूनच कळले.

माझी अडचण निराळी होती. नवे पिल्लू आणावे, तर तिळीमागे तेच एकटे पडणार, आणि ही साखळी कधी तुटणार? त्यावर तुम्ही तुमचा चार वर्षांचा, खच्ची केलेला बाबूराव तिळी असेपर्यंत आमच्याकडे ठेवायला दिलात. या उदारपणाला मी काय नाव देऊ?

भेटीची दुपार तर मी विसरूच शकत नाही. पिंजरा तिळीचा, म्हणून तिथे नको, असे म्हणून तुम्ही बैठकीच्या खोलीत जुनी चादर अंथरलीत, गवताचे दोन ढीग केलेत आणि कोणी कोंडले जाऊ नये म्हणून दोन्ही खोक्यांना दोन-दोन दारे कापलीत. बाबूराव घुमत तिच्याभोवती फिरू लागला, तिळीने दात वाजवले, आणि मी उचलायला धावले तेव्हा तुम्ही माझा हात धरलात: रक्त निघेपर्यंत भांडले तरच मध्ये पडायचे, एरवी त्यांचे त्यांना ठरवू द्यायचे. तीन तास तुम्ही जमिनीवर बसून होतात. संध्याकाळी दोघांनी एकाच ढोबळ्या मिरचीचा तुकडा दोन टोकांनी कुरतडला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ७८० ग्रॅमपर्यंत उतरलेली तिळी महिन्याभरात ८५० वर आली, आणि एका सकाळी तिने जागच्या जागी उड्या मारल्या, ज्या गुळी गेल्यापासून आम्ही पाहिल्या नव्हत्या.

जूनमध्ये तिळी गेली, तेव्हा बाबूराव तिच्या शेजारीच होता. ठरल्याप्रमाणे तो तुमच्याकडे परतला. दारातून आत सोडताच तुमच्या तिघी माद्या त्याला हुंगायला धावून आल्या आणि त्याने तेच जुने घुमणे सुरू केले. माझी मुलगी तुमच्या कुंपणाशी बराच वेळ ते ऐकत उभी होती.

तुमची ऋणी,
तिळी-गुळीची आई