'ऑपरेशनशिवाय गुडघेदुखी कायमची बरी', पण किती महिने ते पण छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात अधूनमधून ती पाव पानाची जाहिरात येते, ऑपरेशनशिवाय गुडघेदुखी कायमची बरी, शिबिर अमुक तारखेला, नाव नोंदवा, आणि दुसऱ्या दिवशी ते कात्रण घेऊन कोणतरी माझ्या काउंटरला उभं असतंच. विश्रामबागेत मेडिकल आहे माझं. मी फार्मासिस्ट, डॉक्टर नव्हे, पण गुडघ्याचं गिऱ्हाईक दिवसभर बघतो, नी कॅप, जेल, आणि ती दुखायची गोळी, चिठ्ठी कधीची तर गेल्या दिवाळीच्या आधीची. बीपी असलेली, किडनीचा त्रास असलेली माणसं पण तीच गोळी मागतात, नाही दिली तर रागावून पुढच्या दुकानात जातात. त्यामुळे सुईनं किंवा तारेनं होणारे नवीन उपचार आलेत याचा मला आनंदच आहे, माझं म्हणणं त्या 'कायमची' शब्दावर आहे.

एक काकू आल्या होत्या कवठेमहांकाळ साईडच्या, पिशवीत एक्स-रे. "दादा, गॅप भरून देतो म्हणालेत, तीन इंजेक्शनं, पैसे आधी भरा म्हणतात, भरू का?" काय सांगायचं. झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातली हाडांवरची गादी, परत भरून येईल असं खात्रीचं इंजेक्शन आज कुठंच नाही, सांगलीत नाही न् मुंबईतही नाही. हे सगळे उपचार दुखणं कमी करायचे आहेत, झीज तिथंच राहते. आता दुखणं कमी होणं म्हणजे काय छोटी गोष्ट नव्हे, भांगलणीला जाणाऱ्या बाईला विचारा, पण मग तेवढंच सांगून पैसे घ्या की.

त्यातला मला सगळ्यात कामाचा वाटतो तो नस जाळायचा उपचार, रेडिओफ्रीक्वेन्सी म्हणतात. गुडघ्याच्या भोवती ज्या बारीक नसा दुखणं वर मेंदूकडं नेतात त्यातल्या साधारण तीन पकडतात, सी-आर्मवर, म्हणजे चालत्या एक्स-रेवर, नाहीतर सोनोग्राफीत बघत सुईचं टोक नसेपाशी नेतात आणि ते टोक गरम करून नस बधिर पाडतात. खालच्या बाहेरच्या बाजूची नस मुद्दाम सोडतात, कारण तिच्याजवळून पाऊल उचलायची मोठी नस जाते, तिला धक्का लागला तर पाऊल लोंबतं. यावर नीट अभ्यास कोरियातून २०११ ला आला आणि अमेरिकेत यातल्या सुईचं टोक पाण्यानं थंड ठेवत नस तापवणाऱ्या एका मशीनला गुडघ्यासाठी २०१७ ला परवानगी मिळाली, म्हणजे हे काही भोंदूपणाचं नाही. पण नस परत वाढते. सहा महिने, वर्षभर आराम, मग परत करायला लागू शकतं. आणि आधी नुसतं भुलीचं इंजेक्शन त्याच नसांवर देऊन बघायची पद्धत आहे, त्यानं तेवढ्यापुरता आराम पडला तरच पुढं जायचं. ही टेस्ट न करता डायरेक्ट मशीनवर घेतायत का, हे प्रत्येकानं विचारावं.

दुसरं ते रक्तवाहिनी बंद करायचं, एम्बोलायझेशन. जपानच्या डॉ. ओकुनोंनी हे पुढं आणलं. सुजलेल्या गुडघ्यात नको त्या बारीक रक्तवाहिन्या नव्यानं उगवतात, जांघेतून तार नेऊन त्यात बारीक कण सोडून त्या बंद करायच्या. हे काम हाडाचे डॉक्टर करत नाहीत, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रेत बघत तारेनं उपचार करणारे डॉक्टर, करतात. रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून डाय टोचतात, त्यामुळं किडनी अधू असलेल्यांनी आधी क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट दाखवायचा. इंग्लंडच्या 'नाइस' या सरकारी संस्थेनं २०२१ मध्ये हे फक्त संशोधनाच्या चौकटीतच करा असं म्हटलं होतं, तेव्हा घाई कसली.

इंजेक्शनांचं तर विचारूच नका. वंगणाचं इंजेक्शन बऱ्याच जणांना बरं वाटतं म्हणतात, पण मोठ्या अभ्यासांत फायदा अगदी थोडा दिसलाय. पीआरपी म्हणजे आपलंच रक्त मशीनमध्ये फिरवून त्यातला काही भाग परत टोचायचा, ऑस्ट्रेलियात २८८ लोकांवर करून बघितलं, निम्म्यांना पीआरपी निम्म्यांना साधं सलाईन, २०२१ ला निकाल आला, वर्षभरानं दोन्हीकडं दुखणं जवळपास सारखंच कमी झालं होतं. स्टिरॉइडचं इंजेक्शन झटकन आराम देतं हे खरंय, पण शुगरवाल्यांची शुगर काही दिवस उडते, आणि दर तीन महिन्यांनी दोन वर्षं देत राहिलेल्या लोकांत कूर्चा जास्त झिजली आणि दुखण्यात सलाईनपेक्षा फरक नाही, हे २०१७ च्या अभ्यासात आलंय. शिवाय सांधा बदलायचा असेल तर त्याआधी तीन महिने हे घेऊ नये, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, हे किती जणांना माहीत आहे? स्टेम सेलचं, म्हणजे मूळ पेशी टोचायचं, एक वाक्यात, आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या नियमाप्रमाणं गुडघ्यासाठी ते मान्यताप्राप्त ट्रायलच्या, म्हणजे संशोधन चाचणीच्या, बाहेर करायचंच नाही, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडनं पैसे घेत नाहीत.

दुर्बिणीनं गुडघा 'साफ' करून देतो म्हणणारे पण आहेत. ह्यूस्टनला झालेल्या अभ्यासात काही पेशंटना नुसती चामडीवर चीर देऊन टाके घातले, आत काहीच केलं नाही, तरी त्यांना खरं ऑपरेशन झालेल्यांइतकंच बरं वाटलं. हे २००२ ला छापून आलंय ओ, तरी अजून चालूच.

आणि ज्याची जाहिरात कधीच येत नाही ते म्हणजे मांडीचे व्यायाम, कारण त्यात विकायला काही नाही. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायची, पाय सरळ ठेवून उचलायचा, फिजिओ चार वेळा नीट दाखवतो, मग घरी करायचं, पण दोन-तीन महिने करायला लागतं आणि तिथंच सगळे गळतात. वजनाचं म्हणाल तर एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोनं उतरतो. काठी बहुतेक सगळे दुखऱ्या बाजूच्याच हातात धरतात, मी दुकानातच हात बदलून चालायला लावतो, दारापर्यंत जाऊन येतात आणि म्हणतात आयला खरंच की. खाली बसायला लागू नये म्हणून कमोडची खुर्ची घ्या म्हटलं की मात्र म्हातारी माणसं रुसतात.

ऑपरेशनची भीती घालून जे या उपचारांकडं ओढतात त्यांचाही राग येतो मला. पाय बाहेर वाकलाय, रात्री झोप नाही, हाडाला हाड लागलंय, तिथं सुया टोचत बसण्यात अर्थ नाही. बसवलेला सांधा दहा वर्षांत खराब होतो असं सांगतात, पण २०१९ ला लॅन्सेट या डॉक्टरांच्या नियतकालिकात आलेल्या आकड्यांत शंभरातले ८२ सांधे २५ वर्षं टिकलेत. सरकारनं ऑगस्ट २०१७ ला सांध्याच्या किमतीवर लगाम घातला तेव्हा नेहमीचा कोबाल्ट क्रोमियम या धातूचा सांधा ५४,७२० रुपयांवर आला. हां, पाचातला एखादा पेशंट बदलूनही समाधानी नसतो, हे पण सांगायला पाहिजे.

तर विनंती एवढीच. मिरज शेजारी आहे, कर्नाटकातनं लोक रेल्वेनं तिथं उपचाराला येतात, तिथल्या हाडाच्या, भुलीच्या आणि रेडिओलॉजीच्या डॉक्टरांना आणि एखाद्या फिजिओला एकत्र बसवून पानभर लिहा. आणि जाहिरात घेताना निदान डॉक्टरचं नाव, रजिस्ट्रेशन नंबर, टोचणार काय, खर्च किती आणि आराम किती महिने, एवढं छापायची अट घाला. ज्याला हे सांगायचं नसेल त्याची पाव पान जागा मोकळी ठेवलीत तरी चालेल.

आपला,
एक औषध दुकानदार, विश्रामबाग, सांगली